गानदीची शेवटची ओळ

गानदीनं तालमीत एकही गाणं कधी शेवटपर्यंत म्हणू दिलं नाही. सरस्वतीपूजेचं असो, ईदचं असो, नाताळचं असो. पोरं शेवटच्या ओळीशी आली, की ती पेटीचा भाता सोडायची, बोटातल्या अंगठीनं लाकडावर टकटक करायची आणि म्हणायची, "आज नोय." म्हणजे आज नाही. पोरांची तोंडं आ वासलेलीच राहायची. एखादं आगाऊ पोर त्याच झोकात पुढे गेलंच, तर ती असे डोळे वटारायची, की ते शब्द गिळूनच टाकायचं. शेवटच्या ओळीची चाल पहिल्या ओळीचीच असायची, त्यामुळे वेगळं शिकवायला काही नसायचं. शब्द ती नुसते बोलून पाठ करून घ्यायची. सुरात ती ओळ म्हणायची ती फक्त सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. तेव्हा अंगठी वाजायची नाही. ती पोरांकडे बघून हळूच "आज" म्हणायची, एवढंच.

गानदी म्हणजे गाण्याची दीदी. बेहालातल्या आमच्या शाळेत तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. माझ्या नवऱ्याची, सुहासची, बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि घरात बसून भिंती बघायच्या नाहीत असं ठरवून मी त्या शाळेत प्राथमिकच्या पोरांना हिंदी शिकवायला लागले. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, आणखी काय येतं? मी म्हटलं, पेटी येते, आरत्यांपुरती. झालं! तेव्हापासून दर सणाला मी गानदीच्या हाताखाली. समोर मी तिला अहो-जाहोच करायची, पण आठवताना ती 'ती'च होते, त्याला माझा इलाज नाही.

ती राहायची पार उत्तरेला, बागबाजारला, एकटीच. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "घ्या! बोर्गी आली." बोर्गी म्हणजे जुन्या काळी बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. त्यांची भीती घालून इकडे अजून पोरांना झोपवतात. "तुमच्या धास्तीनं आमच्या बागबाजारपासून खंदक खणला होता लोकांनी," ती म्हणाली, "आणि तू बाई खुशाल ऑटोत बसून आलीस!" मी म्हटलं, "दीदी, घोडा गेटबाहेर बांधलाय, त्याला जरा गवत टाकायला सांगा." ती इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून मी तिची बोर्गी.

तिचं दुसरं पालुपद म्हणजे 'आशी'. आपण निघताना 'येते' म्हणतो ना, तसाच बंगाली माणूस 'आशी' म्हणतो. माझी रेणू तेव्हा त्याच शाळेत, प्राथमिकला. ती तिथेच वाढलेली, तिचं मराठी बंगालीच्या वळणावर चालायचं. 'मी दूध पिणार ना' म्हणजे पिणार नाही. एकदा तालमीनंतर ती घाईत "दीदी, जाई" म्हणाली. जाते. गानदीनं तिला दारातून परत बोलावलं आणि दप्तरासकट समोर उभं केलं. "जाई कोण म्हणतं ठाऊक आहे? ज्याला परत यायचं नसतं तो. म्हण, आशी." रेणू म्हणाली. तेवढ्यावर कुठली सुटका! पुन्हा म्हणायला लावलं, मग तिनं पोरीचा गाल ओढला. तिचे हात कायम गार असायचे, अगदी भर मे महिन्यातसुद्धा. रेणू गाल चोळत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, दीदीचा हात बर्फ आहे."

माझ्या हातची वेणी तिला मुळीच पसंत नव्हती. "ही वेणी आहे की विहिरीचा दोर?" म्हणून ती रेणूचे केस सोडायची आणि दोन घट्ट वेण्या घालून, वर दुमडून, लाल रिबिनीनं कानामागे बांधायची. रिबीन तिच्या पर्समध्ये कायम असायचीच. पोरगी सकाळी माझी म्हणून घरातून जायची आणि दुपारी बंगाली होऊन परत यायची. मला जरा राग यायचा. पण त्या वेण्या रात्रीपर्यंत हलायच्या नाहीत, हेही खरं.

एकदा शाळेच्या कमिटीतले एक बडे गृहस्थ तालीम बघायला आले. ईदचं गाणं चाललं होतं. शेवटच्या ओळीशी टकटक झाली. ते म्हणाले, पुढचं? गानदी म्हणाली, त्या दिवशी या. ते म्हणाले, मला वेळ नाही, आत्ताच होऊन जाऊ दे. आमच्या हेडमिस्ट्रेस डोळ्यांनी खुणा करून थकल्या, पण ही बया भात्याचा खटका लावून उठलीच. "आपल्याला वेळ नसेल तर तो आपला प्रश्न आहे. ह्या लेकरांना पुष्कळ वेळ आहे, आणि तो तसाच राहायला हवा," असं म्हणाली. आता नोकरी जाते हिची, असं आम्हाला वाटलं. पण ते गृहस्थ ईदच्या कार्यक्रमाला मुकाट पहिल्या रांगेत येऊन बसले, आणि सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच.

त्याच दिवशी स्टाफरूममध्ये मोहरीचं तेल घातलेले मुरमुरे खाताना मी तिला धरलं. "दीदी, आता खरं सांगा. काय भानगड आहे त्या शेवटच्या ओळीची?"

"माझी धाकटी बहीण होती, खुकू," ती म्हणाली. "गल्लीतल्या सरस्वतीपूजेला आम्ही मुली गायचो. आदल्या दिवशी मामा आले, म्हणाले, उद्या मी नाही, आत्ताच पूर्ण ऐकवा. आम्ही ऐकवलं. शेवटची ओळ खुकूची, एकटीची. गोड म्हणाली. आणि म्हणाली, चला, झालं एकदाचं. सकाळी पिवळी साडी घेऊन मी तिला उठवायला गेले."

ती मुरमुऱ्यातले शेंगदाणे वेचून एका बाजूला करत राहिली. मी विचारलं, ताप होता का?

"काही नव्हतं. गाणं पुरं झालं, तिला थांबायला काही उरलं नाही. गाणं अपुरं असलं, की माणसाला परत यावंच लागतं, बोर्गी."

"मग सणाच्या दिवशी पुरं करता ते?"

"तेव्हा सगळे मिळून म्हणतो. हात धरून. ती ओळ एकट्यानं कुणी म्हणायची नाही."

शकुन-अपशकुन मानणाऱ्यातली मी नव्हे. मांजर आडवं गेलं म्हणून आईनं थांबवलं, तर मी मुद्दाम पुढे जायची. पण त्या दिवशी भर दुपारी, पंख्याखाली बसून, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

हात धरायचं ते मात्र मी दर सणाला बघत होते. शेवटची ओळ आली, की गानदी पेटी वाजवायची थांबायची. पोरं एकमेकांचे हात धरायची, आणि रांगेच्या टोकाला पेटीजवळ जे पोर असेल, त्याचा हात गानदी आपल्या डाव्या हातात घ्यायची. मग वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यांनी ती ओळ व्हायची. अलीकडे टोकाला रेणूच असायची. ती जागा दुसऱ्या कुणी घेतली, तर ती घरी येऊन जेवायची नाही.

गाणी गानदी स्वतःच रचायची. तिनं रचलेलं शेवटचं गाणं नाताळचं. बाळ जन्मलंय म्हणून गोठ्यात एकेक जण येतो. आधी धनगर येतात, मग मासे घेऊन कोळीण येते, मग शेजारची म्हातारी कंदील घेऊन येते. प्रत्येक कडव्याला माणसं वाढत जातात, पाय ठेवायला जागा राहत नाही. आणि शेवटच्या ओळीत आई सगळ्यांना म्हणते, "एबार बाडी जाओ." बाळ झोपलंय, आता घरी जा. इतकं साधं.

नोव्हेंबर सरत आला होता. त्या दिवशी तिला खोकला होता, पण तालीम तिनं सोडली नाही. कोळीण आली, म्हातारी आली, आणि टकटक. "आज नोय." गेटपाशी तिनं मफलर कानावर ओढला, रेणूचा गाल ओढला, "आशी" म्हणाली आणि बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी बागबाजारहून फोन आला. दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाही.

प्रार्थनेच्या वेळी हेडमिस्ट्रेसनी मुलांना सांगितलं. पोरं ओक्साबोक्शी रडली, आम्ही बायकाही रडलो. रेणू रडली नाही. घरी येऊन शांतपणे बूट काढत म्हणाली, "आई, दीदी येणार. गाणं अपुरं आहे ना."

मला वाटलं, लहान आहे, चार दिवसांत समजेल. नाताळचा कार्यक्रम करायचा ठरलं आणि पेटीवर मला बसवलं. गानदीच्या पेटीवर. आणि मग एकेक गोष्ट सुरू झाली. मी तालमीत पोरांना सांगितलं, आता शेवटची ओळ म्हणूया, हात धरा. पोरं म्हातारीच्या कडव्यापर्यंत छान आली आणि सगळी एकदम थांबली. टकटक झाली नव्हती. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच थांबली. एक मुलगी म्हणाली, मिस, पुढचं तोंडातून येतच नाही. तालीम संपली, की मी भात्याचा खटका स्वतः लावायची. सकाळी बघावं तर तो उघडा. शिपायाला विचारलं, तर त्यानं कानांवर हात ठेवले. खोलीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

तेही मी सोडून दिलं असतं. पण एके दिवशी रेणू शाळेतून आली ती दोन घट्ट वेण्या, वर दुमडून, लाल रिबीन बांधून. सकाळी मी एकच वेणी घातली होती.

"कुणी घातल्या गं?"

"गानदीनं."

मी तिच्या मैत्रिणींच्या आयांना फोन केले, मोठ्या वर्गांतल्या मुलींना विचारलं, वर्गशिक्षिकेला विचारलं. कुणी घातल्या नव्हत्या. रिबीन सोडायला गेले तर गाठ इतकी घट्ट, की कात्रीनं कापावी लागली. सुहास म्हणाला, अगं, तिनं स्वतःच घातल्या असतील. मी म्हटलं, जी पोरगी अजून बुटाची लेस बांधायला माझ्यापुढे पाय करते, ती?

रेणूचं खाणं सुटलं. पोळीचा तुकडा तोंडात धरून बसायची. शाळा सुटली, की संगीताच्या बंद खोलीपुढे उभी राहायची, तिथून हलवावं लागायचं. हात गार पडलेले असायचे. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, काही म्हणजे काही निघालं नाही. गालफडं मात्र बसत चालली. एका दुपारी तिला वरणभात भरवत होते, तर म्हणते, "आई, ते सगळे अजून गोठ्यातच उभे आहेत. त्यांना कुणी घरी जा म्हटलंच ना. त्यांचे पाय दुखत असतील."

"कोण सगळे, सोन्या?"

"धनगर, कोळीण, म्हातारी. आणि दीदी." मग घास बाजूला सारून म्हणाली, "दीदीला एकटं भय वाटतं. ती म्हणते, तू पण थांब."

मला गानदीचं वाईट वाटत होतं, रात्रंदिवस वाटत होतं. पण त्या क्षणी मी तिच्यावर अशी संतापले, की बस. माया असेल तुमची, पण म्हणून माझं पोर?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी संगीताच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. शेजारी ग्रिल बनवणाऱ्याचा कारखाना, त्याचा ग्राइंडर किर्र ओरडत होता. पेटीचा खटका उघडाच होता, भाता वर आलेला. मी पेटीसमोर मांडी घालून बसले आणि चक्क मराठीत भांडले. "दीदी, बोर्गी म्हणायचात ना मला? मग आली समजा बोर्गी. माझी पोर घेऊन जायला आलेय. तुम्ही खुकूला उठवायला गेलात तेव्हा काय वाटलं होतं, आठवा. तेच मला द्यायचंय का तुम्हाला? तुमचं गाणं मी पुरं करून देते, शपथ. सगळे मिळून, हात धरून, तुम्ही करायचात तसंच. पण तिला सोडा." बोलता बोलता मला रडू फुटलं. ग्राइंडर थांबला. आणि त्या शांततेत पेटीचा भाता आपोआप, हळूहळू खाली बसला. सूर लागला नाही, नुसता दम सोडल्यासारखा आवाज आला. कुणी म्हणेल, उघडा भाता खाली बसणारच. मीही एरवी तेच म्हटलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी रेणूला पुढ्यात घेतलं आणि तिच्या दोन वेण्या घातल्या, वर दुमडल्या, लाल रिबीन बांधली. मला धड जमल्या नाहीत, एक कान झाकला गेला. तिनं आरशात बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

हॉलमध्ये कागदी तारे, कापसाचा बर्फ, लाल टोप्या, आणि मागच्या टेबलावर केकचे खोके. आईबाप मोबाईल वर धरून बसलेले. मी पेटीवर, रेणू माझ्या डाव्या हाताला, रांगेच्या टोकाला. गाणं सुरू झालं. धनगर आले, कोळीण आली, म्हातारी कंदील घेऊन आली. मी पेटी थांबवली. पोरांनी एकमेकांचे हात धरले. आणि सगळं तिथेच थांबलं.

मला "आज" म्हणायचं होतं. पण पोरांसारखंच माझ्याही तोंडातून येईना. हॉल चिडीचूप. एवढे आईबाप, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. रेणूचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ही इथेच कोसळते, असं वाटलं मला. तेवढ्यात सगळ्या पोरांनी एकदम मान वळवली. माझ्याकडे नाही. माझ्या मागे, थोडं वर, जिथे उभ्या माणसाचं तोंड येईल तिथे. क्षणभर पोरं ऐकत राहिली. आणि मग पूर्ण रांगेनं एका दमात सूर उचलला.

"एबार बाडी जाओ."

रेणू सगळ्यांत खणखणीत म्हणत होती. माझ्या लक्षात आलं, मी तिचा हात धरलेलाच नाही. मी वाकून डावा हात पुढे केला, तर तिचा हात मोकळा नव्हता. बोटं मिटलेली होती, पण मूठ नव्हती. आत दुसऱ्या कुणाचा तरी पंजा मावेल अशी ती वळलेली होती आणि हात खांद्याच्या उंचीला, आधार असावा तसा, टेकून राहिला होता. माझा हात तसाच हवेत राहिला. ओळ संपली. रेणूची बोटं एकेक करून उघडली आणि हात खाली आला.

टाळ्या वाजायला लागल्या. मी तिला ओढून मांडीवर घेतलं, इतक्या लोकांसमोर. तिचा उजवा हात, मैत्रिणीनं धरलेला, घामानं गरम झाला होता. डावा बर्फासारखा गार. मी तो दोन्ही हातांत धरून चोळत राहिले. हळूहळू तोही गरम झाला. "आई, भूक लागली," ती म्हणाली. केकचे दोन तुकडे तिनं तिथेच उभ्या उभ्या संपवले.

पुढे आमची बदली नागपूरला झाली. रेणू धडधाकट आहे, उंचीनं माझ्या खांद्याला आलीय आणि मराठीही सुधारलंय. शाळेनं निरोपाला मला गानदीची पेटी दिली. तिचा खटका मी लावते तसाच राहतो, कधी उघडा सापडला नाही. गणपतीत कॉलनीतल्या पोरांची गाणी मी बसवते. शेवटच्या ओळीशी पोरं आली, की माझी अंगठी लाकडावर वाजतेच.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी घरी जाताना ऑटोत रेणू माझ्या कुशीत शिरून बसली होती. हाताला केकचा चिकटपणा, डोळ्यांवर झोप. मग म्हणाली, "आई, दीदी गेली."

मी म्हटलं, "हो गं राणी."

"आज ती आशी म्हणाली नाही," रेणू म्हणाली. "जाई म्हणाली."